म्हाताऱ्या उंदरांचं औषध

पुंजाराम गांगुर्डेच्या अंगाला उंदरांचा वास येतो, असं त्याची बायको उज्वला तो नोकरीला लागल्यापासून म्हणत आली. हे तसं अन्यायाचंच होतं. कॉलेजातून निघताना तो कोपरापर्यंत साबण लावून हात धुई, तिथले कपडे तिथंच उतरवून ठेवी आणि म्हसरूळच्या घरी आल्यावर पुन्हा अंघोळ करी. तरी तो फाटकातून आत आला की शेजारच्यांची मांजर सगळं सोडून त्याच्या पायाशी यायची. त्यामुळे उज्वलाचं म्हणणं अगदीच खोटं नसावं.

शहराच्या कडेला एक फार्मसी कॉलेज आहे. तिथं काही औषधं आधी उंदरांवर तपासून पाहतात. ते पांढरे उंदीर ज्या खोल्यांत ठेवतात त्यांना सगळे उंदीरघर म्हणतात. पुंजाराम तिथला सांभाळणारा. पिंजऱ्यातला भुसा बदलायचा, पाण्याच्या बाटल्या धुऊन भरायच्या, खाद्याच्या गोळ्या टाकायच्या, खोलीतली हवा गार आहे ना ते पाहायचं. हे काम बंद ठेवता येत नाही. उंदरांना रविवार कळत नाही आणि दिवाळीही कळत नाही. पुंजाराम आजवर गैरहजर राहिल्याचं कुणाला आठवत नव्हतं आणि याचा त्याला मनातून अभिमान होता. पुढं ज्या गोष्टीनं त्याची झोप उडवली, तिचं मूळ या अभिमानातच होतं.

त्याला एकच बहीण, चांगुणा. तो तिला आक्का म्हणे. आई गेली तेव्हा पुंजाराम नुकता चालायला लागला होता. आक्कानं त्याला कडेवर घेऊन शेतातली कामं केली. तिचं लग्न ठरलं तेव्हा तिनं नवऱ्याला एवढंच विचारलं, "माझा भाऊ बरोबर येईल, चालंल का?" त्या भल्या माणसानं चालेल म्हटलं. दिंडोरी तालुक्यातल्या त्या गावात, बहिणीच्या सासरी, पुंजाराम लहानाचा मोठा झाला. शाळेत गेला, बारावी झाला, नाशिकला नोकरीला लागला. मेहुणे वारले. आक्काचा मुलगा शेखर पिकअप चालवू लागला. आक्का मात्र अंग चाललं तोवर दुसऱ्यांच्या द्राक्षबागांत कामाला जात राहिली. द्राक्षाच्या घडातले नको ते मणी कात्रीनं काढून टाकायचं काम असतं, त्यात तिचा हात कुणी धरत नसे.

आक्काला मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला तेव्हा पुंजारामनंच सगळी धावपळ केली. ऑपरेशन नाशिकला झालं आणि चांगलं झालं. डॉक्टर म्हणाले, "गाठ पूर्ण काढली आहे. पण दर काही महिन्यांनी तपासणीला आणायचं. हा रोग परत आला तर बहुतेक वेळा लिव्हरमध्ये येतो. लवकर सापडला तर तेवढा तुकडा काढून टाकता येतो. म्हणून तपासणी चुकवायची नाही."

पुंजारामनं मान हलवली. पहिल्या तपासणीला तो आक्काला घेऊन गेला. सगळं ठीक निघालं. दुसरी तपासणी मार्चात होती.

त्या मार्चात उंदीरघरात योगिनी देवरे मॅडमचे उंदीर होते. मॅडम सटाण्याकडच्या, वयानं पुंजारामला मुलीसारख्या. पीएच.डी. करत होत्या. त्यांचं काम इतर विद्यार्थ्यांपेक्षा वेगळं होतं. त्यांना म्हातारे उंदीर हवे होते आणि म्हातारे उंदीर विकत मिळत नाहीत. लहान आणायचे आणि वाढू द्यायचे. दीड वर्षाच्या पुढं गेला की उंदीर म्हातारा. तोवर ते जगवायचे, म्हणजे पुंजारामनं जगवायचे. पाठीवरचे केस विरळ होतात, पाठीला पोक येतो, पाण्याच्या नळीपर्यंत जायलाही ते वेळ घेतात. पुंजारामनं त्यांच्यासाठी नळ्या खाली ओढून दिल्या होत्या.

हे सगळं कशासाठी, असं त्यानं एकदा विचारलं होतं. मॅडमनी काम थांबवून सांगितलं.

"माणूस म्हातारा होतो तशा शरीरातल्या पेशीही म्हाताऱ्या होतात, पुंजारामभाऊ. एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार अशा त्या वाढत असतात. पण कधीतरी एखादी पेशी वाढायची थांबते. वय झालं म्हणून, नाहीतर तिला काही इजा झाली म्हणून. थांबते ते तसं बरंच. बिघडलेली पेशी वाढत सुटली तर कॅन्सर होतो."

"मंग अडचण काय हाय?"

"थांबलेल्या पेशी शरीरानं काढून टाकायला हव्यात. तरुणपणी तसं होतं. वय वाढलं की त्या साठत जातात. धड मरत नाहीत, धड काम करत नाहीत. नुसत्या बसून राहतात आणि बसल्या बसल्या असले काही रस सोडतात की आजूबाजूला सूज राहते."

"आमच्या पारावर हायेत तसले चारपाच जण," पुंजाराम म्हणाला.

मॅडम खळखळून हसल्या. मग गंभीर होऊन म्हणाल्या, "आतड्याच्या कॅन्सरच्या सुट्या पेशी रक्तातून लिव्हरमध्ये जातात. तिथं बऱ्याचशा मरून जातात. पण जिथं या थांबलेल्या पेशी साठल्या आहेत तिथं त्यांना रुजायला सोपं जात असावं, असा अंदाज आहे. त्या आधीच औषधानं काढून टाकल्या तर काय होईल, हे आपल्याला पाहायचंय."

आपल्याला, असं त्या म्हणाल्या होत्या. पुंजारामच्या ते लक्षात राहिलं.

तर त्या मार्चात, आक्काला तपासणीला न्यायच्या दिवशी सकाळीच, उंदीरघराचा एसी बंद पडला. बाहेर ऊन तापत होतं आणि आत इतके महिने वाढवलेले उंदीर तोंड उघडून धापा टाकत होते. पुंजारामनं मॅडमना फोन केला, मेकॅनिकला फोन केला, ओल्या चादरी लावल्या, पंखे आणले. आक्काला फोन करून म्हणाला, "आज नाय जमत, आक्का. पुढच्या आठवड्यात जाऊ."

"जाऊ की," आक्का म्हणाली. "मला कुठं काय होतंय?"

संध्याकाळी एसी सुरू झाला. एकही उंदीर दगावला नाही. मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही नसता तर माझं सगळं संपलं होतं." पुंजाराम त्या दिवशी फार खुशीत घरी गेला.

पुढच्या आठवड्यात आक्काकडे द्राक्षांची काढणी सुरू झाली. तीच म्हणाली, काढणी उरकू दे. काढणी उरकली तेव्हा पुंजारामकडे दुसऱ्या कुणाचा प्रयोग सुरू झाला. मग पाऊस, मग पेरण्या. बोलता बोलता ते राहूनच गेलं. श्रावणात आक्काच्या उजव्या कुशीत दुखायला लागलं, अन्न जाईना, तेव्हा तो तिला घेऊन गेला. डॉक्टरांनी सीटी स्कॅनची फिल्म उजेडावर धरली. लिव्हरवर ठिकठिकाणी डाग होते, दोन्ही बाजूंना.

"मधली तपासणी झाली नाही का?" डॉक्टरांनी विचारलं.

बरोबर आलेला शेखर म्हणाला, "मामाला सुट्टी नव्हती."

त्यानं ते टोचून म्हटलं नव्हतं, नुसतं सांगितलं होतं. पण मग तो आणखी म्हणाला, "त्या दिवशी आई सकाळपासून फाट्यावर पिशवी घेऊन उभी होती. मामाचा फोन आला तेव्हा घरी आली."

पुंजारामला हे माहीत नव्हतं. त्याला वाटलं होतं, आक्का घरीच असेल.

"तेव्हा सापडलं असतं तर कापता आलं असतं का?" त्यानं विचारलं.

"कदाचित," डॉक्टर म्हणाले. "कदाचित तेव्हाही नाही. आता तो विचार करून उपयोग नाही. आता केमो देऊ."

पुंजारामला मात्र तो विचार सोडेना. आक्का केमोसाठी त्याच्याकडेच राहायला आली. ती खाटेवर पडलेली दिसली की त्याला फाटा दिसे, आणि पिशवी घेऊन उभी असलेली ती. सकाळी उंदीरघराचं दार उघडताना त्याला त्या म्हाताऱ्या उंदरांचा रागही येई. पण त्या बिचाऱ्यांनी काय केलं, असं म्हणून तो पुन्हा नळ्या खाली ओढून देई.

त्याआधीच्या वर्षी मॅडमनी थोड्या उंदरांवर प्रयोग करून पाहिला होता. संपल्यावर त्यांनी पुंजारामला बोलावून दोन बश्या दाखवल्या होत्या. एकीत औषध न दिलेल्या म्हाताऱ्या उंदराचं लिव्हर होतं, साबुदाणा सांडावा तसं पांढऱ्या गाठींनी भरलेलं. दुसरीत औषध दिलेल्याचं. त्यावर मोजक्याच गाठी होत्या. पुंजारामनं ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. आता त्याला दुसरं काही आठवेना.

एके दिवशी त्यानं विचारलंच. "मॅडम, हे औषध माणसाला नाय का चालत?"

त्यांना आक्काचं माहीत होतं. त्या खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसल्या. "नाही, पुंजारामभाऊ. अजून नाही. उंदरात चाललं ते माणसात चालेलच असं नसतं. यानं रक्त गोठायला त्रास होतो. आणि आपण ते रोग पसरायच्या आधी देतोय. पसरल्यानंतर काय होतं, ते आपल्यालाही माहीत नाही. डॉक्टर देतायत ते चुकवू नका, एवढंच ऐका माझं."

पुंजारामनं त्यातलं 'अजून नाही' एवढंच ऐकलं. अजून म्हणजे पुढं कधीतरी. आक्काकडे पुढं किती उरलं होतं?

मोठा प्रयोग दिवाळीत आला. म्हातारे उंदीर आता पुरते म्हातारे झाले होते. त्यांच्यातल्या निम्म्यांना काही दिवस औषध पाजायचं, निम्म्यांना ज्या तेलकट द्रावणात ते औषध घोटलं होतं ते नुसतं द्रावण पाजायचं आणि मग सगळ्यांच्या अंगात कॅन्सरच्या पेशी सोडायच्या. दिवाळीला मॅडम सटाण्याला गेल्या. जाताना फ्रीजमधल्या दोन बाटल्या त्यांनी पुंजारामला दाखवल्या. बोथट सुईनं उंदराच्या घशातून औषध सोडायला त्याचा हात त्यांच्यापेक्षा हलका होता, हे त्याच म्हणायच्या. "तुमच्या जिवावर चाललेय," त्या म्हणाल्या.

वसुबारसेला कॉलेजात चिटपाखरू नव्हतं. पुंजारामनं घरून खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली उकळून आणली होती. मॅडमच्या औषधाच्या बाटलीतलं अर्ध्याहून जास्त त्यानं तिच्यात ओतलं आणि मॅडमच्या बाटलीत तेवढंच नुसतं द्रावण वर भरलं. बाटली हलवली. रंग जरासा उतरला, पण कुणाला ओळखू आला नसता. मग त्यानं एकेक उंदीर हातात धरून ते पाणचट औषध नेमानं पाजलं. उंदीर त्याच्या हातात शांत राहत. त्या दिवशीही राहिले.

भाऊबीजेला आक्का खाटेवरून उठली. उज्वलानं धरलं तेव्हा कुठं पाटापर्यंत आली. पुंजारामला ओवाळलं, टिळा लावला. त्यानं ताटात साडी ठेवली. मग खिशातून ती बाटली काढली आणि चमचा भरला.

"हे काय रे, पुंजा?"

"टॉनिक हाय. लिव्हरचं."

आक्कानं प्यायलं आणि तोंड वाकडं केलं. "कसलं कडू, अन तेलकट." मग पदरानं ओठ पुसत म्हणाली, "तू दिलं म्हंजी चांगलंच असंल."

तिनं एकदा जरी विचारलं असतं की कुणी दिलं, कुठून आणलं, तर कदाचित तो थांबला असता. तिनं विचारलं नाही. बाटली संपेपर्यंत तो रोज देत राहिला आणि उज्वलालाही त्यानं टॉनिकच सांगितलं.

बाटली संपून थोडे दिवस झाले आणि आक्काच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. सकाळी चूळ भरली की तांबडं पाणी. रक्त गोठायला त्रास होतो, असं मॅडम म्हणाल्या होत्या. तो तिला रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेला. रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट फार खाली गेल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, "केमोनं असं होतं. पुढची केमो थोडी लांबवू." मग रिपोर्टवरून नजर उचलून त्यांनी विचारलं, "बाहेरचं काही देत नाही ना? झाडपाला, काढे, काही?"

"नाय," पुंजाराम म्हणाला.

आक्का शेजारीच बसली होती. तिनं त्याच्याकडे पाहिलं. टॉनिकचं तिला आठवलं असणार. पण भाऊ नाही म्हणतोय म्हटल्यावर तीही गप्प राहिली.

आक्काला प्लेटलेटच्या पिशव्या चढवल्या. केमो लांबली. ती सावरली. पण आपण तपासणी चुकवली, मग हे विष दिलं आणि वर खोटं बोललो, हे पुंजारामच्या डोक्यात सारखं फिरत राही. उज्वला विचारी, काय झालंय? तो म्हणे, उंदरांचं काम वाढलंय.

डिसेंबरात प्रयोग संपला. मॅडमनी उंदरांना गुंगी देऊन शांतपणे संपवलं आणि त्यांची लिव्हर काढून बश्यांत ठेवली. पुंजाराम बश्या पुसून देत होता. औषध दिलेले एका बाजूला, न दिलेले दुसऱ्या बाजूला. दोन्हींकडे सारखाच साबुदाणा सांडला होता. मॅडमनी पुन्हा पुन्हा पाहिलं. भिंगाखाली पाहिलं. बश्यांवरची नावं तपासली. नंतर त्या खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या.

त्यानंतर बरेच दिवस त्या तिकडं फिरकल्या नाहीत. मग एका दुपारी उंदीरघरात आल्या आणि रिकाम्या पिंजऱ्यांकडे पाहत म्हणाल्या, "पहिल्यांदा जे दिसलं होतं तो योगायोग असणार, पुंजारामभाऊ. औषधाचा काही उपयोग नाही. गाईड सर म्हणाले, तसंच लिहून टाक."

"तसंच म्हंजी?"

"म्हणजे हे चालत नाही असं. लोक वाचतील, निदान दुसरं कुणी या वाटेला जाणार नाही. त्यांचा वेळ तरी वाचेल."

त्या दाराकडे वळल्या. पुंजारामच्या हातात धुतलेली बाटली होती, ती त्यानं खाली ठेवली. दुसरं कुणी या वाटेला जाणार नाही. म्हणजे कुठल्या तरी गावात कुणाची तरी आक्का असेल आणि तिच्यापर्यंत पोचायची वाट आपण इथं बसून बुजवली असेल.

"मॅडम," तो म्हणाला, "औषध त्यांना पुरतं गेलंच नाय."

"कुणाला?"

"उंदरांना. मी काढून घेतलं. आक्कासाठी."

त्यानं सगळं सांगितलं. सांगताना तो खाली फरशीकडे पाहत होता. आता त्या ओरडतील, हाकलून देतील, अशी वाट पाहत होता. मॅडमनी पहिला प्रश्न वेगळाच विचारला.

"ताईंच्या डॉक्टरांना सांगितलंत?"

"नाय."

"पर्स घेते. चला."

त्यांच्या स्कूटीवर मागं बसून तो दवाखान्यात गेला. मॅडमनी डॉक्टरांना औषधाचं नाव सांगितलं, किती घोटलं होतं ते सांगितलं आणि तिथंच कागदावर हिशेब मांडला. उंदराला लागतं ते कणभर. त्या सगळ्या बाटलीत मिळून जेवढं होतं त्यानं माणसाच्या अंगात काहीच झालं नसतं. बरंही नाही आणि वाईटही नाही. हिरड्यांतून आलेलं रक्त केमोचंच असणार, असं डॉक्टरही म्हणाले. "बहुतेक," त्यांनी जोडलं. मग पुंजारामकडे वळले. "पण मी विचारलं तेव्हा तुम्ही नाही म्हणालात. मी तुमच्या शब्दावर औषध ठरवतो. अशानं माणूस जातो, कळतंय का?"

पुंजारामनं हात जोडले. डॉक्टरांनी पुढच्या रुग्णाला आत बोलावलं.

परत येताना पेठ नाक्याच्या सिग्नलला स्कूटी थांबली तेव्हा मॅडम पहिल्यांदा आपल्या कामाबद्दल बोलल्या. मागं न वळताच म्हणाल्या, "जवळजवळ दोन वर्षं वाढवले होते ते."

"मला म्हाईत हाय," पुंजाराम म्हणाला. "मीच वाढवले."

सिग्नल सुटला आणि मॅडमनी स्कूटी पुढं काढली.

त्याच संध्याकाळी त्यानं आक्काला सांगितलं. ती भिंतीला टेकून बसली होती. आधी तिला कळेना. मग ती हसली, "उंदरांचं औषध पाजलं मला?" हसता हसता तिला खोकला आला. पाणी प्यायली. मग हसू गेलेल्या आवाजात म्हणाली, "इचारलं असतंस तर मी प्याले असते, पुंजा. तू म्हणला असता, आक्का, हे काय हाय ते कुणाला ठाव नाय, तरी प्याले असते. पण इचारायचं तरी व्हतंस."

"चुकलं, आक्का."

"डॉक्टरापुढं तू नाय म्हणाला, तवा मला वाटलं, हा मला घाबरतोय का त्यांना."

त्यानं मग मार्चातल्या तपासणीचा विषय काढला. फाट्याचं म्हणाला. आक्कानं हात हलवून त्याला थांबवलं. "ते नको. मीबी काढणीत अडकले. मलाबी जाता आलं असतं शेखरबरोबर. ते तुझं एकट्याचं नाय."

तिनं हे त्याला बरं वाटावं म्हणून म्हटलं की खरंच तसं वाटत होतं म्हणून, हे पुंजारामला कळलं नाही. त्याला बरं मात्र वाटलं नाही.

कॉलेजात व्हायचं ते झालं. मॅडमनी 'औषध देण्यात चूक झाल्यामुळे प्रयोग रद्द' असं लिहिलं. पुंजारामनं सरांपुढं उभं राहून आपण काय केलं ते सांगितलं. त्याला कामावरून काढायचीच गोष्ट चालली होती. इतक्या वर्षांची नोकरी पाहून त्याला भांडारात पाठवलं. तिथं काचेचं सामान धुऊन पुसून फळीवर लावायचं असतं. उंदीरघरात पाऊल ठेवायला त्याला मनाई झाली. मॅडमची शिष्यवृत्ती उन्हाळ्यात संपली. नव्यानं उंदीर वाढवायचे तर पुन्हा तेवढाच काळ थांबायला हवं होतं आणि बिनपगारी थांबणं त्यांना परवडणारं नव्हतं. त्यांनी सातपूरच्या एका कंपनीत नोकरी धरली. जाताना त्या सगळ्यांना भेटल्या. पुंजारामलाही भेटल्या, "येते" म्हणाल्या. त्याला काहीतरी बोलायचं होतं, पण तोंडातून निघालं ते एवढंच, "हेल्मेट घालत जा, मॅडम."

आक्का पुढच्या पावसाळ्यात गेली. गावाला, स्वतःच्या घरात. केमोनं मधले काही महिने चांगले गेले होते. एकदोनदा ती बागेतही जाऊन आली, बांधावर बसून बायकांना घड कसा विरळायचा ते सांगत राहिली. शेवटी लिव्हरनं काम करायचं सोडलं, डोळे पिवळे झाले, मग ती झोपेतच राहायला लागली. पुंजाराम रजा टाकून तिच्याजवळ राहिला. उंदीरघराच्या काळात त्यानं जेवढी रजा घेतली नव्हती तेवढी त्या एका महिन्यात घेतली. रजेचा अर्ज देताना त्याला स्वतःची लाज वाटली. इतकं सोपं होतं ते.

दशक्रियेला योगिनी मॅडम आल्या. त्यांना कुणी कळवलं, कोण जाणे, बहुधा उज्वलानं. बायकांमध्ये मागं बसल्या, पिंडाला कावळा शिवेपर्यंत थांबल्या. पुंजारामचं मुंडण झालेलं, अंगावर पंचा. त्या जवळ आल्या, तेव्हा त्याला वाटलं, आता काहीतरी बोलतील. त्या त्याच्या पाया पडल्या. वयानं लहान माणूस पडतो तशा, पटकन, आणि निघून गेल्या. त्याला ते सोसवेना. नदीच्या काठावर सगळ्यांसमोर तो लहान मुलासारखा रडला. लोकांना वाटलं, बहिणीसाठी रडतोय.

अलीकडे मॅडमची स्कूटी शनिवारी कॉलेजात दिसते. सरांनी त्यांच्यासाठी नवे उंदीर ठेवून घेतलेत. नोकरी सांभाळून त्या येतात, पाहून जातात. उंदीर अजून तरुण आहेत. नवा सांभाळणारा आहे, त्याचं नाव समाधान. तो रविवारी घरी जातो आणि त्याच्या जागी दुसरा माणूस येतो. कॉलेजनं तशी सोय केली आहे. ती आधी करता आली असती, हे पुंजारामला कळतं. आपण कधी मागितली नाही, हेही कळतं.

गेल्या शनिवारी मॅडम भांडारात काचेच्या नळ्या न्यायला आल्या. पुंजारामनं मोजून दिल्या. त्या जायला निघाल्या तेव्हा त्यानं खालच्या आवाजात विचारलं, "कसे हायेत?"

मॅडम दारात थांबल्या.

"वाढतायत," त्या म्हणाल्या.

"पाण्याच्या नळ्या पुढं जरा खाली ओढाव्या लागतील. आत्ता नाय. म्हातारे झाले की."

"सांगते समाधानला," मॅडम म्हणाल्या आणि नळ्यांचा ट्रे सांभाळत जिना चढून गेल्या.